पाळणाघराच्या दारातली म्हैस

कापूस फुटला की माझा डावा कान दुखायला लागतो. दरवर्षी. दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात असतात, दिग्रसच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जायला लागतात, रस्त्याकडेच्या बाभळी प्रत्येक गाडीचा चिमूटभर कापूस काट्यांनी ओढून घेतात आणि आठ दिवसांत म्हाताऱ्या दिसू लागतात. नेमका त्याच आठवड्यात कान ठणकतो. यवतमाळला दोन डॉक्टरांना दाखवला. पहिल्यानं बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, काही नाही, मळ आहे. दुसऱ्यानं मळ काढला आणि म्हणाला, काही नाही. दोघांचंही बरोबर आहे. त्या कानात काही नाही, फक्त पुणे आहे.

हे पुणे मी डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती, आणि त्यातले तीन हंगाम मी पुण्याच्या एका संस्थेचा विश्वस्त होतो. हसू नका. विश्वस्त म्हणजे विश्वस्त, छापील पत्रावर सात नावांत सातवं नाव. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराला तिकडे बैठक भरायची आणि मी दिग्रसच्या बसस्टँडसमोर रफिकभाईंच्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात उभा राहून हजर असायचो. त्या खोक्यातला पंखा मी जन्मापासून बंद पाहिला. रिसिव्हर इतका जड की तीन हंगामांत माझा डावा खांदा उजव्यापेक्षा वीतभर खाली आला. शिंप्याला विचारा, तो अजून माझ्या शर्टाची मापं दोन वेगळ्या माणसांची म्हणून लिहितो.

आजही शनिवार आहे आणि आजही अकराला बैठक आहे. आता ती खिशातल्या फोनवर येते. गावातल्या आमच्या वाचनालयाचे संचालक एकेक करत नागपूर, पुणे, हैदराबादला गेले, एक तर थेट कॅनडाला. राजीनामा कुणीच दिला नाही. सगळे आपापल्या घरून संचालन करतात आणि वाचनालयाला कुलूप लावायला व काढायला मी एकटा इथं उरलोय. तेव्हा मी दूर होतो, आता बाकीचे दूर आहेत. अजून अर्धा तास आहे. पायरीवर बसलोय. समोरून कापसाची गाडी गेली, कान ठणकला, आणि हे सगळं वर आलं.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. तहसील कचेरीबाहेर निंबाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर, त्यातला 'ळ' अर्धाच उमटायचा. येणारा माणूस दोन वाक्यांत सांगायचा: हातपंप बंद हाये, साहेब येत नाई. मी त्याची दीड पानं करायचो. 'आबालवृद्ध तहानेने व्याकूळ' वगैरे. रडगाण्याला वजन आणायचं, म्हणजे ते साहेबाच्या टेबलावरून वाऱ्यानं उडत नाही. कोणी म्हणायचं, माझ्या अर्जानं एकदा एका बाबूच्या डोळ्यांत पाणी आलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्याला टॉवेल द्यावा लागला होता.

पण त्या वर्षांत वजन आणायची गरजच राहिली नव्हती. लोक यायचे ते वजन घेऊनच यायचे, कर्जाचं आणि फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या घरच्या माणसाचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तेच टाइप करायचो, आणि घरी जाऊन जेवायला बसलो तरी बोटं ताटाच्या काठावर तेच ठोकत राहायची. वर बाहेरून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. गाडीतून उतरलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, 'इथं सगळ्यात वाईट घर कुठलं?' एकाला मी माझंच दाखवलं. बायकोनं त्याला पोहे दिले, आणि बिचारा रागावून निघून गेला.

त्याच दिवसांत मालतीबाई आल्या. पुण्याच्या संस्थेच्या अध्यक्षा, पांढरी साडी, खांद्याला झोळी, बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून घडी घातलेला. त्यांना एका गावातली ग्रामपंचायतीची रिकामी शेड पाळणाघरासाठी हवी होती आणि तिचा अर्ज माझ्याकडून करून घ्यायचा होता. मी अर्ज ठोकता ठोकता त्यांना सांगितलं की आमच्याकडे हंगामात हवेत इतका कापूस असतो की मागच्या वर्षी जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी एक चौकीदार तोंड उघडं टाकून झोपला आणि सकाळी उशी होऊन उठला. बाईंच्या नाकातून चहा आला. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, 'अहो, आमच्या बैठकांत वर्षानुवर्षं कुणी हसलेलं नाही.' महिन्याभरात विश्वस्त झाल्याचं पत्र आलं. रफिकभाईंनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं.

'विश्वस्त? तुमी? पुन्यात मानसं संपले काय, भाऊ?'

पाळणाघर दिग्रसपासून दहाबारा किलोमीटरवर होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्यांनी मला अजून माफ केलंय की नाही ते ठाऊक नाही. हंगाम लागला की तिथल्या बाया दिवस उजाडायच्या आत वेचायला जायच्या. कंबरेला फडकं बांधायचं, फुटलेल्या बोंडातून कापूस ओढायचा, वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला घुसायची, आणि संध्याकाळी वेचलेला कापूस काट्यावर चढायचा. अंगावरचं लेकरू धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाच्या सावलीत निजवायचं. पण जे लेकरू चालायला लागलंय आणि ज्याला अजून समज नाही, त्याचं काय करायचं? शेतात नेलं तर ते कापसाच्या ओळीओळींतून पळतं, घरी ठेवलं तर चुलीशी नाहीतर विहिरीशी जातं. मग आई एक सोपी गोष्ट करायची. लुगड्याची मऊ पट्टी फाडायची, एक टोक लेकराच्या पायाला, दुसरं बाजेच्या पायाला. जवळ पाण्याचा गडू, भाकरीचा तुकडा. संध्याकाळपर्यंत. कोणत्याही आईनं ती पट्टी हसत बांधलेली नाही. त्या गावातल्या दोन-तीन वर्षांच्या लेकरांच्या घोट्यावर एक फिकट पट्टा असायचा, पैंजण काढून ठेवल्यावर उरतो तसा.

ती पट्टी सुटावी म्हणून पाळणाघर. एवढंच त्याचं काम.

ते चालवायच्या बेबीबाई. पन्नाशीच्या, दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंड असं की गावातली कुत्रीसुद्धा वळसा घालून जायची. त्यांच्या हाताखाली आणखी एक बाई. शेडमध्ये लोखंडी पाइपाला टांगलेल्या साड्यांच्या झोळ्या, एका कोपऱ्यात खिचडीचं पातेलं, पुण्याहून येणारी दुधाची पावडर, आणि एकोणीस लेकरं. एकोणीसच. मी मोजली आहेत. ती एका जागी बसत नव्हती म्हणून तीनदा मोजली. मी माझी जुनी मोपेड घेऊन जायचो, तेव्हा बेबीबाई लांबूनच ओरडायच्या, 'आले, आले विश्वस्त! ए पोट्ट्याहो, नाकं पुसा रे!'

दुपारी सगळी निजली की शेडमध्ये एक आवाज यायचा. एकोणीस नाकांचा. काहींची चोंदलेली, काहींची शिटी वाजवणारी. आयांच्या अंगावरून आलेला कापूस त्यांच्या केसांत, पापण्यांवर असायचा. मी दारात बसून तो आवाज ऐकायचो आणि टाइपरायटरचा आवाज तेवढ्यापुरता विसरायचो. माझं सगळं आयुष्य बढाईत गेलं, पण त्या आवाजाची बढाई मला कधी करता आली नाही. तो होता तेवढाच होता आणि पुरेसा होता. हे मला तेव्हा कळलं असतं तर!

बैठक अशी व्हायची. फोन वाजायचा, रफिकभाई खुणेनं बोलवायचे, मी खोक्यात शिरायचो. तिकडे कोणीतरी फोन टेबलाच्या मध्यावर ठेवून त्याचा आवाज मोठा केलेला असायचा. मला कपबशा ऐकू यायच्या, कागद उलटलेले ऐकू यायचे, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायचे. माणसं मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. कोण बोलतंय ते मी खोकल्यावरून ओळखायचो. तास-दीड तास त्यांचं चालायचं, आणि शेवटी मालतीबाई म्हणायच्या, 'आता आपले यवतमाळचे भाऊ.' मला पाच मिनिटं.

पहिल्या शनिवारी मी खरं सांगायलाच उभा राहिलो होतो. म्हटलं, यवतमाळ जिल्ह्यातून बोलतोय, आणि पुढचं वाक्य सुरू करायच्या आत पलीकडून एक आवाज आला. च्च् च्च्. सहा जणांच्या जिभा एकदम टाळूला लागल्या. त्या फोनमधून अर्धे शब्द गळून पडायचे, पण ते च्च् च्च् मात्र शेजारी उभं राहून केल्यासारखं स्वच्छ आलं. मी आठवडाभर तेच टाइप करून आलो होतो. माझ्या कानाला ते सहन झालं नाही. कानातून ते डोक्यात गेलं, आणि माझ्या तोंडातून निघालं, 'अहो, पाळणाघर तर इतकं मस्त चालू आहे की काय सांगू! पंचवीस लेकरं!'

पलीकडे कोणीतरी हसलं. बरं वाटून हसलं.

बस्स. गांजाचं व्यसन कसं लागतं ते मला ठाऊक नाही, पण असंच लागत असणार.

पुढच्या महिन्यात पंचवीसची चाळीस झाली. मग मी सांगितलं की जवळच्या जिनिंगवाल्यानं दुपारचा भोंगा वाजवायचा बंद केला आहे, लेकरांची झोपमोड होते म्हणून. आता कामगारांना सुट्टी झाल्याचं एक माणूस कानात जाऊन सांगतो. मग सांगितलं की गावचा पोलीस पाटील रोज मिशा बाजूला सारून अंगाई म्हणतो. मग सांगितलं की आयाबाया म्हणतात, आम्हाला मानधन नको, आम्ही पाळीपाळीनं सांभाळू, इतका उत्साह. आणि एका शनिवारी, तिकडे सगळे फारच दमलेले वाटले म्हणून, मी म्हैस सोडली. म्हटलं, गावात एक म्हैस आहे, ती रोज अकरा वाजता कोणी न हाकता स्वतः चालत पाळणाघराच्या दारात येते, उभी राहते, लेकरांपुरतं दूध देते आणि शेपटी हलवत परत जाते. रविवारी येत नाही.

पुणे हसलं. कपबशा वाजल्या. मालतीबाई धापा टाकत म्हणाल्या, 'रविवारी येत नाही!' मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा घामानं निथळत होतो, पण दिग्रसच्या बसस्टँडवर त्या घडीला माझ्याएवढा सुखी माणूस नव्हता.

रफिकभाई पान लावत होते. खोक्याचं दार नीट लागत नसे, त्यामुळे माझी प्रत्येक बैठक त्यांनीही केली होती.

'भाऊ, एक इचारू काय? लेकरं एकोनीस हायेत ना?'

'हो.'

'मंग चाळीस काहून सांगून राह्यले?'

'रफिकभाई, ते दूरचे लोक हायेत. त्यायले एकोनीस सांगतलं तर ते च्च् च्च् करतात.'

'करू द्या ना. तुमचं काय जाते? जीभ त्यायची दुखन.' पान तोंडात टाकून ते म्हणाले, 'मी रोज इथं बसून हजार फोन ऐकतो. एक सांगतो तुमाले, जो फोनवर बरा हाये म्हनते ना, त्याले पाहाले कोनी येत नाई.'

मी हसून निघालो. मोपेडला लाथ मारताना मला वाटलं, हा माणूस फार कोरडा आहे.

पुढे संस्थेचा छापील अहवाल आला. जाड कागद, बेबीबाईंचा फोटो, खाली माझी म्हैस. 'गावातील पशुपालकांनी दुधाची जबाबदारी स्वयंस्फूर्तीने उचलली आहे' अशी सभ्य होऊन छापलेली. बेबीबाईंना वाचता येत नव्हतं. त्या बाजाराला आल्या तेव्हा रफिकभाईंनी तो त्यांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला, आणि म्हशीचं मूळ रूपही सांगितलं. मी तहसीलीवरून येतो तो त्या बाकड्यावर बसलेल्या.

'या भाऊ. आमच्या गावात म्हशी दोन. एक भाकड, एक लंगडी. यातली चालत कोनती येते?'

'बेबीबाई, गमतीनं म्हटलं ते.'

'मले सांगाचं ना बाप्पा, मी तिले कुंकू लावलं असतं.' आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पुसदची बस पकडायला चाललेला माणूस थांबला. मीही हसलो. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

तिसरा हंगाम उतरत आला होता. शेतांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या, कापूस गेलेल्या, टाचण्यांसारख्या. बाया त्या उपटून सरपणाचे भारे बांधत होत्या. त्या महिन्याच्या बैठकीत सचिवांनी एक ठराव वाचला. आवाज येत-जात होता. 'यवतमाळचं केंद्र', 'आदर्श', 'लोकसहभाग', 'अभिनंदन' एवढं मला ऐकू आलं आणि मी म्हणालो, 'आभारी आहे, आभारी आहे!' पलीकडे टाळ्या झाल्या. आठ दिवसांनी ठराव टपालानं आला. जागा गावानं दिली आहे, दूध गाव देतं, सांभाळायला आया स्वतःहून येतात. तेव्हा हे केंद्र आता आपल्या पायांवर उभं आहे. पुढच्या हंगामापासून संस्थेनं आपली मदत अधिक गरजू जिल्ह्यात वळवावी. सर्वानुमते मंजूर.

सर्वांत मीही होतो.

बेबीबाईंना सांगायला मी स्वतः गेलो. त्या पातेलं घासत होत्या. ऐकून त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, 'भाऊ, तुमी लोकायचे अर्ज लिवता ना? मंग माहा एक लिवा. वाढवू नका. कमी करू नका. जे हाये ते लिवा.'

मी टाइपरायटरसमोर बसलो. तीस वर्षं अर्ज लिहिणारा माणूस, आणि पहिल्या ओळीपाशी माझी बोटं अडली. शेवटी जे उमटलं ते चार ओळींचं. पाळणाघरात एकोणीस लेकरे येतात. दोन बाया त्यांना सांभाळतात. दूध पुण्याहून येते, गावातून येत नाही. पाळणाघर बंद झाले तर लेकरांना पुन्हा बाजेला बांधावे लागेल. त्यातला 'ळ' अर्धा, तसाच. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात तोकडा अर्ज.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी तो फोनवर वाचला. रफिकभाईंनी त्या दिवशी गिऱ्हाइकांना बाहेर थांबवून ठेवलं होतं. चार ओळी संपल्या आणि पलीकडे एक कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कोणीतरी खुदकन हसलं, दुसरं हसलं, आणि मग सगळेच.

मालतीबाई म्हणाल्या, 'भाऊ, काय हो हे! आता शेवट सांगा. लेकरं बाजेला बांधली, आणि मग बाजच चालत शाळेत गेली ना?'

'ताई, शेवट नाही. एवढंच आहे.'

'आणि म्हैस?'

'म्हैस नाही, ताई. कधीच नव्हती.'

पुन्हा हशा. त्यांचा दोष नाही. तीन हंगाम मी त्यांना हसायला शिकवलं होतं. मी तीन-चारदा तेच तेच सांगितलं, काच माझ्या श्वासानं धुरकट झाली. मग मालतीबाई हसायच्या थांबल्या. त्या भल्या बाई होत्या. म्हणाल्या, 'तुम्ही फार गंभीर वाटताय. असं करू, सचिवांना पाठवते. ते डोळ्यांनी पाहून येतील.'

मला वाटलं, सुटलो. डोळे कुठं फुगवून सांगतात?

सचिव मे महिन्यात आले. वेचणी नाही, लेकरं आयांजवळ, शेड झाडून बंद केलेली. तरुण माणूस, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. त्याला मी मोपेडवर बसवून गावात नेलं. आणि मी पाहतो तो काय! बेबीबाईंच्या अंगणात सडा, रांगोळी. बाजेवर कोरी चादर. पोलीस पाटील धुतलेलं धोतर नेसून उभा. तीन घरं फिरून गोळा केलेल्या दुधाचा घट्ट चहा, रव्याचा शिरा, वर आंब्याच्या फोडी. पाहुण्यानं नको म्हटलं तरी दुसऱ्यांदा वाढलेलं. मी बेबीबाईंना चुलीपाशी गाठलं.

'बेबीबाई, हे काय करून राह्यल्या? याले खरं दाखवाचं होतं ना!'

'पाहुन्याले काळा चहा देऊ काय?' त्या चुलीत फुंकर घालत म्हणाल्या. 'आपल्या दारात मानूस आला, अन् त्याच्यापुढं रडत बसू? माह्याच्यानं नाई होत, भाऊ.'

मी जे दूरवरच्या फोनमध्ये करत होतो तेच त्या बाई समोरासमोर करत होत्या, फरक इतकाच की त्यात त्यांच्या गावचं खरंखुरं दूध आटत होतं. सचिवानं वहीत काहीतरी लिहिलं. जाताना भारावून माझा हात हातात घेतला. 'काय माणसं आहेत हो! पुण्यात असं कुठे?' मी त्याला बसमध्ये बसवताना पुन्हा एकदा सगळं सांगितलं. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, 'भाऊ, तुम्ही म्हणजे!' आणि बस हलली.

महिन्याभरात पत्र आलं. निर्णय कायम.

मी राजीनामा पाठवला तो त्यांना थट्टाच वाटली असणार. त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात वेचणीआधीच्या सीतादही पूजेचा दहीभात शेतांवर शिंपडला गेला, पहिली वेचणी झाली, बाभळी पांढऱ्या झाल्या. मी त्या गावाकडं जायचं टाळत होतो. खोटं कशाला सांगू, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत टाळलं. मग एका दुपारी मोपेड आपोआप तिकडे वळली. ही बढाई नाही, ती खरंच वळली.

शेडला कुलूप. बेबीबाईंनी आपल्या ओसरीत सहा लेकरं घेतली होती. त्याहून जास्त एकटीला जमत नव्हती, दुसरी बाई वेचायला जायला लागली होती. झोळ्या दोन. बाकीची तेरा कुठं आहेत, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. गल्लीतून येताना एका उघड्या दारातून मला बाजेचा पाय दिसला होता. त्याला निळ्या लुगड्याची पट्टी. ती ताणली जात होती आणि सैल होत होती, ताणली जात होती आणि सैल होत होती. आतून रडणं नाही, काही नाही. नुसती ती पट्टी हलत होती.

बेबीबाईंनी मला पाणी दिलं. मी पायरीवर बसलो. दूरवर जिनिंगचा भोंगा वाजला, चांगला लांबलचक, आणि ओसरीतली दोन लेकरं दचकून उठली. बेबीबाईंनी एकाला मांडीवर घेतलं, दुसऱ्याला पायावर, आणि थोपटता थोपटता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'भाऊ, तुमची म्हैस आली नाई आज.'

रागानं नाही म्हणाल्या. दमून म्हणाल्या. दिवसभराचं काम झालेली बाई ज्या आवाजात दिवा लावते त्या आवाजात.

बेबीबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रफिकभाईंनी खोकं मोडून तिथं मोबाइलचं दुकान टाकलं, त्यावर आता त्यांचा जावई बसतो. ती लेकरं मोठी झाली असतील. बाजारात एखादा उंच पोरगा चप्पल काढून पाय झटकताना दिसला की माझी नजर त्याच्या घोट्याकडे जाते. काही दिसत नाही. इतकी वर्षं असं काही राहत नसतं, हे मलाही कळतं. तरी जाते.

अकरा वाजले. फोन वाजला, पडद्यावर एकेक चौकोन उघडला. नागपूर आलं, हैदराबाद आलं, पुणे आलं. कॅनडावाल्याच्या खिडकीत अंधार होता. आता माणसं दिसतात, पण मी अजून त्यांना खोकल्यावरूनच ओळखतो. वाचनालय चालू ठेवायचं की इमारत दुसऱ्या कामाला द्यायची, असा विषय होता. अध्यक्ष हैदराबादेत असतात, माझ्यासमोर चड्डीत फिरलेला पोरगा. तो म्हणाला, 'काका, रोज वाचायला किती येतात हो?'

मी दारातून आत पाहिलं. खिडकीशी एक म्हातारा पेपरवर डोकं टेकून झोपला होता. टेबलाशी दोन मुली परीक्षेचं काहीतरी लिहीत होत्या. कोपऱ्यात एक जण नुसता पंख्याखाली बसला होता. दारातून आलेली कापसाची एक बट जमिनीवरून सरकत सरकत त्यांच्या पायांपाशी गेली.

माझी जीभ उचलली गेली होती, खरं सांगतो. एक म्हैस दारापर्यंत येऊन उभी होती.

'चार,' मी म्हणालो.

'चार? काका, चेष्टा करताय ना? नीट सांगा, ठरावात लिहायचंय.'

'चार येतात. त्यातला एक झोपायला येतो.'

फोन मी कानाला लावून धरला होता, तसं करायची आता गरज नसते तरी. पलीकडून कोणी हसलं नाही.